आईने रचलेले ओंडके

थंडर बे
१२ जानेवारी

प्रिय राउनो,

तू, कॉलीन आणि मुलं मजेत असाल असं धरून चालते. धाकट्याचा खोकला थांबला का? इथे पारा उणे तीसच्या खाली जाऊन तिथेच मुक्काम ठोकून बसलाय. वाचनालयात सध्या माणसं पुस्तकांसाठी कमी आणि उबेसाठी जास्त येतात. हीटरशेजारच्या खुर्चीवरून परवा दोन आजोबांचं भांडण झालं. माझं बरं चाललंय. आईचंही.

'आईचंही' हे मी सवयीने लिहून गेले. ते खोडावं की राहू द्यावं हे ठरत नाही, कारण त्याच विषयावर लिहायला बसलेय. फोनवर सांगू लागले असते तर तू "मुद्द्यावर ये" म्हणाला असतास, आणि मुद्दा कोणता हेच मला नीट कळलेलं नाही.

नाताळात आपण ठरवलं की आईसाठी तळ्याकाठच्या वृद्धनिवासातली खोली घ्यायची. फेब्रुवारी संपेपर्यंत ते ती राखून ठेवणार आहेत आणि आपल्या दोघांची संमती हवी आहे. तू तुझी कळवलीस, मी अजून नाही. का नाही, असं तू विचारलंस तेव्हा माझ्याकडे कारण नव्हतं. आता आहे, पण ते कारण नक्की कोणत्या बाजूचं आहे हे तूच सांग.

दिवाणखान्यातल्या गॅसच्या शेकोटीची काच डिसेंबरपासून काळवंडत होती. आधी कोपऱ्यात धुरकटपणा होता, मग मधोमध काजळी. आई म्हणायची, "यंदा थंडी जास्त आहे, म्हणून." मला ते पटायचं. थंडीचा आणि काजळीचा काय संबंध, हा साधा प्रश्न मला एकदाही पडला नाही. एरवी मी दुधाच्या खोक्यावरची तारीखही दोनदा वाचणारी बाई आहे, हे तुला माहीत आहे.

मंगळवारी काचेतून ज्योत दिसेनाशी झाली तेव्हा मी गॉर्ड पेल्टिएला बोलावलं. बाबांबरोबर गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरत बसायचा तोच. आता तो अख्ख्या गावाच्या शेकोट्या बघतो. आत आला, आईशी हवापाण्याचं बोलला, आणि बूट काढायला वाकला तेवढ्यात त्याच्या पट्ट्याला लावलेलं यंत्र किंचाळायला लागलं.

"ते काय ओरडतंय?" आई म्हणाली.

"तुमची शेकोटी बोलतेय, मिसेस लाहती. कोट घाला. दोघी बाहेर चला."

"एवढ्या थंडीत? आणि कॉफी ठेवलीय ती?"

"कॉफी मरत नाही," गॉर्ड म्हणाला. इतक्या वर्षांत त्याला आईशी त्या स्वरात बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

त्याने गॅस बंद केला, सगळ्या खिडक्या उघडल्या. आम्ही दोघी त्याच्या ट्रकमध्ये बसलो आणि आई सबंध वेळ पडदे गोठतील म्हणून कुरकुरत होती. घर मोकळं झाल्यावर त्याने काच उतरवली आणि गुडघ्यांवर बसून बराच वेळ आत बघत राहिला.

"हे ओंडके कुणी रचले?"

ते ओंडके खरे नाहीत, भाजलेल्या मातीचे आहेत, हे तुला माहीतच आहे. मला हे माहीत नव्हतं की प्रत्येकाची जागा ठरलेली असते आणि ज्योत त्यांच्या मधून मोकळी वर जावी लागते. इथे दोन ओंडके थेट ज्योतीवर आडवे होते आणि तिसरा त्यांच्यावर. ज्योत कोंडली की ती धड जळत नाही. त्यातून काजळी होते, आणि जी दिसत नाही ती विषारी हवा होते. शिवाय काचेची खालची खिटी नीट बसली नव्हती. बाहेर जायची ती हवा थोडी थोडी आत येत राहिली.

"पण ऑक्टोबरात तूच साफसफाई करून गेलास ना?" मी विचारलं.

गॉर्डचे कान लाल झाले. मग हळूहळू बाहेर आलं. तो गुरुवारी येणार होता. आईने बुधवारीच शेकोटी उघडली. तू हसशील, पण ती केस कापायला जाण्याआधी केस धुणारी बाई आहे. परका माणूस येऊन आपल्या घरातली धूळ बघणार, हे तिला कसं चालेल? तिने काच व्हिनेगरने पुसली, ओंडके ब्रशने झाडले, आतली राख म्हणून जे काही असतं ते व्हॅक्यूमने ओढून घेतलं आणि सगळं पुन्हा लावलं. गुरुवारी गॉर्ड आला तर शेकोटी दुकानातल्यासारखी लखलखत होती.

"मी म्हटलं, मिसेस लाहती, मी इथे करायचं काय?" गॉर्ड म्हणाला.

"मी म्हटलं, कॉफी पी," आई म्हणाली. "आणि प्यायलास. वेलदोड्याचा अर्धा पाव संपवलास."

तिने इतकं स्वच्छ केलेलं पुन्हा उघडणं म्हणजे तिचा अपमान, असं त्याला वाटलं. म्हणून त्याने बटण दाबून ज्योत पेटते एवढं पाहिलं आणि गेला. मी त्याच्यावर चिडायला हवं होतं. पण मीही तेच केलं असतं. आपल्यात कोण करणार नाही?

आणि विषारी हवेचा इशारा देणारा भिंतीवरचा भोंगा हातमोज्यांच्या खणात सापडला. तो जुना झाला होता, 'मला बदला' म्हणून चिवचिवत होता. आईचं म्हणणं, "पाहुण्यांसमोर बरं दिसतं का ते?"

दवाखान्यात दोघींच्या रक्तात तो विषारी वायू सापडला. प्राणवायूचे मुखवटे लावून आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. डॉक्टर म्हणाले, डोकं दुखणं, गोंधळणं, विसरणं, सगळं यातून होऊ शकतं.

आता तूच जुळवून बघ. पैशांचं पाकीट ओव्हनमध्ये सापडलं ते नोव्हेंबरात. नाताळच्या जेवणात तिने तुला बाबांच्या नावाने हाक मारली आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली. चर्चमधून येताना ती वाट चुकली. सगळं ऑक्टोबरनंतरचं. म्हणजे आपण आईला वृद्धनिवासात पाठवायचं ठरवलं ते तिच्या वयामुळे, की एका खिटीमुळे?

आणि आणखी एक. "आई आता एकटी राहू शकत नाही" हे तुला मी सांगितलं. पण ऑक्टोबरपासून मीही आईकडेच राहतेय, तीच हवा घेत होते. मी नोव्हेंबरातली माझी रोजनिशी काढून पाहिली. एका पानावर 'आज फार विसरभोळेपणा झाला' एवढंच आहे. कोणाचा, ते लिहिलेलं नाही.

हे उलगडेपर्यंत तळ्याकाठची खोली सोडू नकोस, पण घेऊही नकोस.

अजून डोकं जड असलेली,
किर्स्ती


२ फेब्रुवारी

प्रिय राउनो,

मुलांचे बर्फातले फोटो मिळाले. आईने ते फ्रिजवर लावलेत आणि रोज सांगते की धाकट्याचे कान आपल्याकडचे आहेत. ग्लेनबद्दल विचारलंस. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. घटस्फोटाची कागदपत्रं त्याच्या वकिलाकडे आहेत.

आईकडे येते. ती सुधारलीय. सकाळी पेपरातलं शब्दकोडं सोडवते. पत्त्यांत मला हरवते आणि हरवल्यावर "कॉलेजात नक्की काय शिकलीस?" असं विचारते. शेजारणीच्या कुत्र्याचं नाव तिला आठवतं, त्याच्या आधीच्या कुत्र्याचंही, जे शेजारणीलाही चटकन आठवलं नाही.

हे वाचून तू सुटकेचा श्वास टाकशील, म्हणून दुसरी बाजूही लिहिते. गुरुवारी तिने मला सबंध संध्याकाळ तिच्या बहिणीच्या नावाने हाक मारली. पण ती तर आधीपासूनच कधी कधी तसं करायची. करायची ना? मला वाटतं करायची. तुला काय आठवतं?

गॉर्ड दोनदा येऊन गेला. शेकोटीच्या बाबतीत तो आता प्रायश्चित्त घेतल्यासारखा वागतो. काचेची रबरी कड बदलली, नळी आतून झाडली, पायलटची, म्हणजे कायम तेवत राहणारी, बारीक ज्योत निळी आहे ना ते मला वाकून पाहायला लावलं, नवा भोंगा लावला. ओंडक्यांना खाली खोबणी असतात. प्रत्येक ओंडका त्याच्या खुंटीवर बसवून दाखवला आणि आईलाही मुद्दाम शेजारी बसवून घेतलं.

"हा मागे. हा डावीकडे. आणि हा छोटा असा तिरका. बस्स. याला यापुढे हात लावायचा नाही, मिसेस लाहती."

"असं हॉटेलात असतं," आई म्हणाली. "लाकडावर लाकूड ठेवल्याशिवाय आग धरते का कधी?"

"ही लाकडं नाहीत."

"ते मला दिसतंय. मी काय आंधळी आहे? पण बघणाऱ्याला तर लाकडं वाटायला हवीत."

गॉर्ड हसला. मी हसू शकले नाही. कारण माझं सगळं इथेच अडकलंय, राउनो. ऑक्टोबरात तिने ते ओंडके तसे का रचले? ते खरे आहेत असं समजून रचले असतील, बाबा जुन्या चुलाण्यात बर्चची लाकडं रचायचे तसे, तर तिचं विसरणं वायूच्या आधीचं आहे आणि तू बरोबर आहेस. छान दिसावं म्हणून रचले असतील तर विसरणं नंतरचं आहे आणि ती घरी राहू शकते. तिने मातीचे तीन ठोकळे कसे ठेवले, यावर तिने कुठे राहायचं ते ठरायचं. हा वेडेपणा आहे हे मला कळतं. पण दुसरं काही पुराव्यासारखं माझ्याकडे नाही.

मी तिला विचारलं. पहिल्यांदा म्हणाली, "तुझे बाबा असेच रचायचे." मी घाबरले. दोन दिवसांनी विचारलं तर, "तसे छान दिसत होते." मला हायसं वाटलं. काल विचारलं तर म्हणाली, "मी कुठे? गॉर्डनेच रचले असतील." हे विसरणं होतं, थट्टा होती, की मी पुन्हा पुन्हा विचारते याचा कंटाळा, हे मला तिच्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही. आपल्याच आईचा चेहरा वाचता येऊ नये?

पुढच्या आठवड्यात बुधवारी डॉक्टर तिची स्मरणशक्ती तपासणार आहेत. मी काय करते आहे ते ऐक आणि मला सांग की हे थांबव. रोज नाश्त्याला मी तिला विचारते, "आई, आज वार कोणता?"

"तुझा माझं डोकं खायचा वार."

"आई, डॉक्टर विचारतील."

"डॉक्टरला वार माहीत नसेल तर त्याने दुसरा धंदा बघावा."

"महिना?"

तिने पावावर लोणी लावायचं थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "किर्स्ती, तू माझ्याकडून पाठ करून घेतेस का?"

मी नाही म्हटलं. मग हो म्हटलं. पाठ करून ती पास झाली तर तो निकाल तिचा की माझा? आणि ती पास व्हावी असं मला तिच्यासाठी वाटतं की आणखी कशासाठी, याचं उत्तर मी या पत्रात लिहायला घेतलं होतं, पण ते वाक्य नीट होईना. पुढे कधीतरी.

मुलांना पापी.
किर्स्ती


१३ फेब्रुवारी

प्रिय राउनो,

फोनवर तुला फक्त निकाल सांगितला आणि घाईत ठेवून दिला, त्याची माफी असावी. आई दाराशी उभी होती.

तर तपासणी बरी झाली. तिने घड्याळाचं चित्र काढलं, काटे जागच्या जागी. सांगितलेले शब्द थोड्या वेळाने विचारले, तेव्हा एक राहिला, बाकीचे आले. डॉक्टरांनी वार विचारला तेव्हा तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग बुधवार म्हणाली. वयाच्या मानाने ठीक आहे, घरी राहायला हरकत नाही, सहा महिन्यांनी पुन्हा या, असं ते म्हणाले.

मग त्यांनी मला बाजूला विचारलं, "ऑक्टोबरच्या आधी त्या कशा होत्या?"

आणि मला सांगता येईना. मी रविवारी जेवायला यायचे, जेवायचे, माझं रडगाणं गायचे, जायचे. ती कशी होती? ती वाढत होती. एवढंच मला आठवलं.

मी तरीही खूश होते. तिला पॅनकेक खायला घेऊन गेले. तिने कोट काढला, खुर्चीला लावला, चष्मा पुसला.

"डॉक्टर काय म्हणाला?"

"तुझं डोकं शाबूत आहे म्हणाले."

"नक्की?"

"नक्की."

"म्हणजे आता मी जे बोलेन ते शाबूत डोक्याने बोलेन. मान्य?"

"मान्य."

"मग मला ती तळ्याकाठची खोली हवी."

राउनो, मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी म्हटलं, "आई, तू ठीक आहेस! आता जायची गरजच नाही."

"ठीक आहे म्हणूनच जायचं. बिघडल्यावर गेले तर तिथे हेल्वीला ओळखणार तरी का मी?"

हेल्वी आठवते ना? चर्चमधली, मोठ्याने हसणारी. ती गेल्या वर्षापासून तिथे राहते. आई तिला फोन करते हे मला माहीत होतं. रोज करते हे माहीत नव्हतं. तिथे तळमजल्यावर वाफेची सौना आहे, जिना नाही, बर्फ दुसरं कुणीतरी उपसतं. तिने हे सगळं आधीच विचारून ठेवलं होतं.

"आणि घर? बाबांचं घर? तुझी शेकोटी?"

"माझी? मला ती कधी आवडली होती? बटण दाबलं की पेटणारी आग! तुमचे बाबा गेल्यावर मी ती लावतच नव्हते. गॉर्ड यायचा, साफ करायचा, मी वर्षभर शाल पांघरून बसायचे."

"पण या हिवाळ्यात तर तू रोज लावत होतीस."

तिने काटा खाली ठेवला. तिचं पुढचं बोलणं मी जसंच्या तसं लिहिते आहे, कारण दोन दिवस ते माझ्या डोक्यातून हललेलं नाही.

"तू आलीस म्हणून. वाचनालयातून यायचीस, कोटही काढायची नाहीस, तिच्यासमोर बसायचीस आणि रडायचीस. बंद केली की उठून खोलीत जायचीस, दार लावून घ्यायचीस. मग मी बाहेर उभी. पेटलेली असली की निदान डोळ्यांसमोर असायचीस. म्हणून मी लावत होते."

"तुझं डोकं दुखत नव्हतं?"

"दुखायचं की. मला वाटलं, तुझ्या रडण्याने दुखतंय."

आणि ती हसली. खरंच हसली. शेजारच्या टेबलावरच्या लोकांनी वळून बघितलं, कारण मी तेवढ्यात रडायला लागले होते.

मी तुला ऑक्टोबरपासून कळवत आले की मी आईची काळजी घ्यायला तिच्याकडे राहतेय. तू ते मान्य केलंस, कॉलीनने माझं कौतुकही केलं. मला वाटतं तुम्हा दोघांना खरं माहीत होतं आणि तुम्ही बोलला नाहीत. ग्लेन सोडून गेला त्यानंतर मला त्या रिकाम्या घरात जेवण जाईना. मी आईच्या दारात बॅग घेऊन उभी राहिले, आणि आत आल्या आल्या म्हटलं, "आई, तुला सोबत हवी ना?" ती म्हणाली, "हो, हवी." काळजी कोण कोणाची घेत होतं, हे आम्हा दोघींपैकी एकीला तरी पक्कं ठाऊक होतं.

आता तिचं हे जाणं खरं मानायचं का? मला शंका येते. शेकोटी आवरली तसं तिने स्वतःलाच आधी आवरून ठेवलंय का, म्हणजे आपल्याला काही करावं लागू नये? मी घरी आल्यावर तोंडावर विचारलं, "आम्हाला त्रास नको म्हणून जातेस ना?"

"तुला वाटतं तेवढी मी चांगली बाई नाही," ती म्हणाली. "मला हेल्वीबरोबर सौनात बसून लोकांची निंदा करायची आहे. तुझ्याबरोबर ती करता येत नाही. तू लगेच म्हणतेस, पण त्याचीही काही बाजू असेल."

हे खरं आहे की मला बरं वाटावं म्हणून सांगितलेलं, मला ठरवता येत नाही. ओंडक्यांचंही ठरलेलं नाही. मी ते विचारायचं सोडून दिलंय. शाबूत डोक्याने माणूस जे मागतं ते त्याला द्यायचं, असं मीच महिनाभर तुला लिहीत होते. ती घरी राहायचं मागेल असं मी धरून चालले होते, एवढाच फरक.

काल मी संमती दिली. एक मार्चला ती जाणार आहे.

घर तूर्त माझ्याकडे ठेवावं असं तिचं म्हणणं आहे. मी हो म्हटलंय, पण तुझं मत कळव. सामान हलवायला गॉर्ड त्याचा ट्रक घेऊन येणार आहे. हेल्वीने तिकडे पडद्यांची मापंसुद्धा घेऊन ठेवलीत. त्यामुळे आईला पोचवायला तू यावंस, असं मी म्हणत नाही. तिला तुझी गरज पडणार नाही.

तू दर फोनला मला दोन गोष्टी विचारतोस. आई कशी आहे, आणि तू कशी आहेस. पहिलीचं उत्तर मी इतकं लांबवते की दुसरीची वेळच येत नाही. आज उत्तर देते. मी बरी नाही, राउनो. गॅस बंद होऊन महिना झाला, रक्त स्वच्छ आहे, डोकं दुखत नाही, आणि तरीही मी बरी नाही.

जमलं तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात ये. आई तिकडे राहायला गेल्यानंतर. फक्त माझ्याकडे.

तुझी धाकटी बहीण,
किर्स्ती